काचेवरून पडद्यावर : ऊतींच्या स्लाइड स्कॅन करू पाहणाऱ्या नवख्यांसाठी

पदव्युत्तर विद्यार्थी स्लाइडची पेटी घेऊन पहिल्यांदा आमच्या खोलीत येतात तेव्हा त्यांचा प्रश्न ठरलेला असतो : "मॅडम, साठ काचा आहेत, संध्याकाळपर्यंत होतील ना?" माझा उलट प्रश्नही ठरलेलाच असतो : मोजायचे काय आहे? याचे उत्तर मिळाले नाही तर पेटी त्यांच्याच हाती परत जाते. स्कॅनर हा शेवटी चांगला कॅमेरा बसवलेला सूक्ष्मदर्शकच आहे. काचेवर जे नाही ते तो दाखवू शकत नाही आणि काचेवरचा दोष मात्र एकही सोडत नाही.

नागपुरात ऊतींवर काम करणाऱ्यांची वाण नाही. मेडिकल आणि मेयो ही शासकीय वैद्यकीय महाविद्यालये आहेत, मिहानमधले एम्स आहे, शासकीय दंत महाविद्यालय आहे, पशुवैद्यक महाविद्यालय आहे. आपल्याकडे खर्रा (सुपारी-तंबाखूचे मिश्रण) गल्लोगल्ली घोटला जातो, त्यामुळे तोंडाच्या ऊतींचे काम घेऊन येणारेही पुष्कळ असतात. म्हणून या लेखात मी तेच उदाहरण धरले आहे : ओरल सबम्यूकस फायब्रोसिस, म्हणजे सुपारीमुळे तोंडाच्या अस्तराखाली कोलॅजेन साचत जाऊन तोंड उघडेनासे होणारा आजार, आणि त्यातले कोलॅजेन मोजणे. यकृत, प्लीहा किंवा जनावराचे फुप्फुस घेऊन बसलेल्यालाही पायऱ्या ह्याच आहेत.

मोजायचे काय, ते आधी

कोलॅजेनने व्यापलेले क्षेत्रफळ मोजायचे असेल तर २० पटीचे स्कॅन पुरते. केंद्रकाचा आकार, त्यातल्या क्रोमॅटिनची (डीएनए-प्रथिनांच्या धाग्यांची) ठेवण किंवा विभाजन होत असलेल्या पेशी पाहायच्या असतील तर ४० पट घ्यावे. मात्र 'पट' हा शब्द स्कॅनरच्या जगात फसवा आहे. विचारायचे असते ते एका पिक्सेलमध्ये किती मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग) बसतात हे. साधारणपणे २० पटीला एका पिक्सेलची बाजू ०.५ मायक्रॉनच्या आसपास असते आणि ४० पटीला ०.२५ मायक्रॉनच्या. दोन कंपन्यांच्या यंत्रांत हा आकडा थोडा वेगळा असतो, म्हणून शोधनिबंधाच्या पद्धती-विभागात पटीबरोबर हा आकडाही लिहावा.

दुप्पट पटीने फाइल दुप्पट होते असे अनेकांना वाटते, पण ती चौपट होते. १५ मिलिमीटर लांब आणि तेवढ्याच रुंद कापाचा हिशेब करून पाहा. ०.५ मायक्रॉनला ३०,००० गुणिले ३०,००० म्हणजे ९० कोटी पिक्सेल होतात आणि प्रत्येकी ३ बाइट धरले तर सुमारे २.७ गिगाबाइट. तोच काप ०.२५ मायक्रॉनला ३६० कोटी पिक्सेलचा आणि सुमारे १०.८ गिगाबाइटचा होतो. जेपीईजी पद्धतीने दाबल्यावर हा आकार दहापट ते वीसपट उतरतो, तरीही ४० पटीच्या २०० काचांना शे-दोनशे गिगाबाइट जागा लागणार, आणि तिची एक प्रत ठेवायची म्हणजे तेवढीच आणखी. ही जागा कुठून येणार हे स्कॅनच्या दिवशी नव्हे, तर संशोधनाचा आराखडा लिहिताना ठरवायचे.

रंगाचा निर्णयही याच वेळी होतो. मॅसन ट्रायक्रोम या रंगपद्धतीत कोलॅजेन निळे किंवा हिरवे दिसते आणि ते साध्या प्रकाशाच्या कोणत्याही स्कॅनरवर नीट येते. पिक्रोसिरियस रेड या दुसऱ्या रंगाचे खरे वैभव मात्र ध्रुवित प्रकाशात दिसते आणि ती सोय प्रत्येक स्कॅनरमध्ये नसते. काचा रंगवून झाल्यावर हे कळणे महागात पडते, तेव्हा आधी फोन करून विचारावे.

परवानगीचे कागदही स्कॅनच्या आधी हवेत. निदानासाठी काढलेल्या आणि विभागात उरलेल्या ब्लॉकवर (मेणात बसवलेल्या ऊतीच्या ठोकळ्यांवर) संशोधन करायचे असले तरी संस्थेच्या नीतिसमितीची मान्यता लागते. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार ओळख पुसलेल्या उरलेल्या नमुन्यांसाठी समिती रुग्णाच्या संमतीतून सूट देऊ शकते. पण ती सूट समितीने द्यायची असते, आपण गृहीत धरायची नसते.

काप आणि काच

स्कॅनरमध्ये सर्वसाधारणपणे ०.७५ संख्यात्मक छिद्राचे (न्यूमरिकल ॲपर्चर, म्हणजे भिंगाची प्रकाश गोळा करण्याची क्षमता) ऑब्जेक्टिव्ह, म्हणजे काचेकडचे भिंग, असते. हिरव्या प्रकाशात ते सुमारे ०.४५ मायक्रॉन अंतरावरचे दोन ठिपके वेगळे दाखवू शकते, त्यामुळे पडद्यावर चित्र कितीही ताणले तरी त्यापलीकडचे काही हाती लागत नाही. त्याहून महत्त्वाचा आकडा म्हणजे या ऑब्जेक्टिव्हची फोकसची खोली जेमतेम १ मायक्रॉनच्या घरात असते. सूक्ष्मदर्शकावर बसलेला माणूस नकळत बारीक फोकसचे चाक पुढे-मागे करत जाड कापही वाचून घेतो. स्कॅनर एका थरावर थांबतो आणि पुढे जातो. म्हणून निदानाच्या टेबलावर खपून जाणारा ६-७ मायक्रॉनचा काप स्कॅनवर धूसर येतो. काप ३ ते ४ मायक्रॉनचा असावा, आणि संपूर्ण अभ्यासात तो एकाच जाडीचा असावा, कारण जाडी बदलली की रंगाची गडदता बदलते आणि संगणक तो फरक आजाराचा समजतो.

आपल्या उन्हाळ्याचा इथे थेट संबंध येतो. मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे गेला की पॅराफिनचा ब्लॉक मऊ पडतो, काप दाबला जातो आणि त्यावर सुरकुत्या येतात. ब्लॉक बर्फावर ठेवून, चार-पाच काप घेतले की पुन्हा बर्फावर टेकवून, सकाळी लवकर काम उरकणे हा आमच्याकडच्या तंत्रज्ञांचा जुना शिरस्ता आहे आणि तो मोडू नये. याच दिवसांत झायलीन हे द्रावक इतक्या झपाट्याने उडते की डीपीएक्स, म्हणजे कापावर पातळ काच (कव्हरस्लिप) चिकटवणारे माध्यम, पसरायच्या आत कडेने आकसते आणि कव्हरस्लिपखाली बुडबुडे राहतात. पंख्याखाली माउंटिंग (कव्हरस्लिप बसवण्याचे काम) करू नका, एका वेळी एकच काच उचला आणि बाकीच्या झायलीनमध्येच राहू द्या.

कव्हरस्लिप ०.१७ मिलिमीटर जाडीची घ्यावी, कारण ऑब्जेक्टिव्हची रचना त्याच जाडीसाठी केलेली असते. ती काचेच्या कडेबाहेर केसभरही डोकावता कामा नये. बाहेर आलेला कोपरा रॅकमध्ये अडकतो आणि यंत्राचा हात काच ओढायला जातो तेव्हा काच फुटते. लेबलवर लेबल चिकटवणेही टाळावे, कारण त्या जाडीने काच तिरकी बसते. डीपीएक्स पूर्ण वाळू द्यावे, म्हणजे काचा आडव्या ठेवून निदान एक रात्र, हिवाळ्यात दोन. ओली काच रॅकला चिकटली की तिचे नुकसान होतेच, पण तिच्या मागच्या काचांचीही रांग थांबते.

जुन्या, निदानाच्या काचांवर पेनाने मारलेले ठिपके असतात. ते अल्कोहोलच्या बोळ्याने सहज निघतात, पण पुसण्याआधी विकृतितज्ज्ञांना विचारा आणि मोबाइलवर काचेचा फोटो काढून ठेवा, कारण तो ठिपका म्हणजे कुणीतरी अर्धा तास घालवून शोधलेली जागा असू शकते. वर सांडून सुकलेले डीपीएक्स झायलीनमध्ये किंचित भिजवलेल्या कापसाने काढावे. शेवटी दोन्ही बाजू ७० टक्के अल्कोहोलने आणि तंतू न सोडणाऱ्या कागदाने पुसाव्यात. खालची बाजू विसरणारे फार असतात.

नाव झाकणे

काचेवरच्या लेबलवर रुग्णाचे नाव किंवा निदान-क्रमांक असतो. आपण फाइलला 'ओएसएफ-०१७' असे निरुपद्रवी नाव देतो आणि काम झाले असे समजतो. पण बहुतेक स्कॅनर मुख्य चित्रासोबत संपूर्ण काचेचा एक छोटा फोटो आणि लेबलचा वेगळा फोटो त्याच फाइलमध्ये साठवतात. फाइल दुसऱ्या संस्थेला पाठवली की नावही सोबत जाते. सर्वांत सोपा उपाय म्हणजे मूळ लेबलवर अपारदर्शक पट्टी लावून तिच्यावर फक्त संकेत-क्रमांक लिहिणे. आधी सांगितलेला जाडीचा प्रश्न येऊ नये म्हणून ही पट्टी पातळ कागदाची घ्यावी. स्कॅन आधीच झाले असेल तर लेबलचे चित्र काढून टाकण्याची सोय सॉफ्टवेअरमध्ये आहे का ते पाहावे. कोणता संकेत कोणाचा हे सांगणारी वही वेगळ्या कपाटात, कुलपात आणि मार्गदर्शकांच्या ताब्यात असावी.

संकेत देतानाच दुसरे एक काम उरकून घ्यावे. आजाराच्या सगळ्या काचा सोमवारी आणि निरोगी ऊतींच्या सगळ्या गुरुवारी, असे रंगवणे किंवा स्कॅन करणे म्हणजे अभ्यासाचा पायाच खचवणे. हिमॅटॉक्सिलिन या रंगाची नवी बाटली, दिव्याचे वय, पाण्याचा सामू अशा कशानेही दोन दिवसांच्या रंगांत फरक पडतो. तो फरक गटांच्या फरकात मिसळला की पुढे कोणत्याही गणिताने वेगळा काढता येत नाही. चिठ्ठ्या टाका, काचा मिसळा आणि प्रत्येक तुकडीत दोन्ही गटांच्या काचा येतील असे पाहा. शिवाय प्रत्येक तुकडीसोबत एकाच ब्लॉकमधून काढलेली एक नेहमीची काच रंगवावी. तिचा रंग बदलला की रंगवण्यात काहीतरी बदलले आहे हे लगेच कळते.

यंत्रापाशी

स्कॅनर सुरू केल्यावर दिवा स्थिर होईपर्यंत थांबावे. खोली वातानुकूलित असावी. कूलर चालणार नाही. वाळ्याच्या गारव्याचे मोल नागपूरकराला सांगायला नको, पण कूलरची दमट हवा आणि तिच्यासोबत येणारी धूळ भिंगांच्या मुळावर येते, आणि पावसाळ्यात ओलाव्याने भिंगावर बुरशी चढते. वीज मध्येच गेली तर रॅकमधली काच अर्ध्यावर अडकते, म्हणून यूपीएसशिवाय रात्रभराचे स्कॅन लावू नये.

काच आत गेली की यंत्र प्रथम तिचे छोटे चित्र घेते आणि ऊती कुठे आहे ते स्वतः ओळखते. इथे नवख्याने डोळे उघडे ठेवावेत. चरबीची ऊती किंवा इम्युनोहिस्टोकेमिस्ट्रीत (प्रतिपिंडाने ठरावीक प्रथिन रंगवण्याच्या पद्धतीत) डाग न पडलेला फिकट काप यंत्राला दिसतच नाही आणि अर्धा तुकडा चौकटीबाहेर राहतो. चौकट हाताने वाढवावी. उलट कव्हरस्लिपची कड, पेनाची रेघ किंवा बुडबुडा यंत्राला ऊती वाटतो; तो वगळावा.

त्यानंतर येतात फोकसचे बिंदू. यंत्र कापावर ठिकठिकाणी थांबून प्रत्येक जागी तीक्ष्ण थर शोधते आणि त्या बिंदूंवरून संपूर्ण कापाचा चढ-उताराचा नकाशा बांधते. एकदा माझ्याकडे गालाच्या अस्तराचा एक सुंदर काप आला होता. स्कॅन झाल्यावर डावीकडचा पट्टा काचेसारखा स्वच्छ होता आणि उजवीकडे धुके. मी पुन्हा स्कॅन केले, पुन्हा धुके. तेव्हा फोकसचे बिंदू एकेक करून उघडले. उजवीकडच्या तीन बिंदूंवर पडद्यावर पेशी दिसतच नव्हत्या. दिसत होता एक काळा, अणकुचीदार, अतिशय तीक्ष्ण कण. यंत्राने कव्हरस्लिपच्या वर बसलेल्या धुळीवर फोकस धरला होता आणि त्या बिचाऱ्याने नेमून दिलेले काम चोख केले होते. ती धूळ कोराडीच्या वीजकेंद्राच्या राखेची की रस्त्याच्या कामांची, हा वाद बाजूला ठेवला. काच पुसली, ते बिंदू पेशींवर हलवले आणि चार मिनिटांत काम झाले. तेव्हापासून शंका आली की मी आधी बिंदू उघडून पाहते.

जाड किंवा उंचसखल कापासाठी अनेक थरांत स्कॅन करण्याची सोय असते. पाच थर म्हणजे वेळ आणि जागा जवळपास पाचपट, शिवाय विश्लेषणाची बहुतेक सॉफ्टवेअर एकाच थरावर काम करतात. पेशीविज्ञानाच्या लेपांसाठी ती सोय ठीक आहे. ऊतींच्या कापासाठी तिचा मोह धरण्यापेक्षा पातळ काप काढावा. प्रतिदीप्तीच्या (फ्लुओरेसन्सच्या) काचांना मात्र वेगळी शिस्त लागते : रंगवल्यावर त्या अंधारात ठेवाव्यात, लवकर स्कॅन कराव्यात आणि प्रत्येक रंगाचा एक्स्पोजरचा काळ (कॅमेऱ्यात प्रकाश घेण्याचा वेळ) सर्व काचांना एकच ठेवावा.

जेपीईजीचा दर्जा आम्ही ८० ठेवतो आणि तो अभ्यासाच्या मध्यावर कधीच बदलत नाही. एकदा दाबलेली फाइल दुसऱ्या स्वरूपात नेऊन पुन्हा दाबणे टाळावे.

फाइल : तिचे पोट आणि तिचे पाय

स्कॅनची फाइल म्हणजे एकच मोठा फोटो नसतो. मोबाइलच्या नकाशात आधी सगळे नागपूर दिसते, बोटांनी ताणले की झीरो माइल, आणखी ताणले की बर्डीची एखादी गल्ली. दर वेळी लागेल तेवढाच चौकोन उतरतो. स्लाइडच्या फाइलमध्येही तेच चित्र अनेक आकारांत आणि लहान चौकोनांत कापून ठेवलेले असते, म्हणून दहा गिगाबाइटचे चित्र साध्या लॅपटॉपवरही सुरळीत फिरते. याच कारणाने ही फाइल साध्या फोटो-दर्शकात उघडायला जाऊ नये.

प्रत्येक कंपनीचे स्वरूप वेगळे आहे : ॲपेरिओचे एसव्हीएस, हमामात्सुचे एनडीपीआय, झाइसचे सीझेडआय, थ्रीडीहिस्टेकचे एमआरएक्सएस. यांतल्या शेवटच्याने माझ्याकडे एका विद्यार्थिनीला रडवले आहे. ती दुसऱ्या शहरातून स्कॅन करून ४० फाइली पेनड्राइव्हवर घेऊन आली, आणि त्या सगळ्या मिळून काही मेगाबाइटसुद्धा भरत नव्हत्या. एमआरएक्सएस फाइल ही नुसती दाराची पाटी असते. सगळे घर त्याच नावाच्या शेजारच्या फोल्डरमध्ये असते आणि ते फोल्डर तिथेच राहिले होते. फोल्डर आणि फाइल दोन्ही एकत्र, नावे न बदलता उचलावीत. फॅट-३२ पद्धतीने फॉरमॅट केलेल्या पेनड्राइव्हवर ४ गिगाबाइटपेक्षा मोठी फाइल बसत नाही, म्हणून तो आधी एक्सफॅट करून घ्यावा. नक्कल झाल्यावर दोन्हीकडचा चेकसम (फाइलीवरून काढलेला पडताळ्याचा आकडा) जुळवून पाहावा, आणि दुसरी प्रत दुसऱ्या इमारतीत असावी. शहरातल्या शहरात शे-दीडशे गिगाबाइट पाठवायचे असतील तर हार्डडिस्क स्कूटरच्या डिकीत टाकून नेणे इंटरनेटपेक्षा बहुधा लवकर होते.

मोजण्याआधी पाहणे

प्रत्येक स्कॅन माणसाने पाहिलाच पाहिजे. आधी पूर्ण चित्र पाहावे, मग चार कोपरे आणि मध्य पूर्ण पटीवर पाहावेत. यंत्र काप पट्ट्यापट्ट्यांनी टिपून जोडते; ते जोड नीट बसले आहेत का हे तपासायला एपिथेलियमची (अस्तराच्या पेशीथराची) तळरेघ उपयोगी पडते. ती एखाद्या ठिकाणी पायरीसारखी तुटलेली दिसली तर तिथे दोन पट्टे सरकले आहेत. सुरकुत्या, बुडबुडे आणि धूसर भाग वेगळे रेखून वगळावेत. शंभरावर काचा असतील तर हिस्टोक्यूसीसारखे मुक्त सॉफ्टवेअर पहिली चाळणी लावते, पण शेवटचा निर्णय डोळ्यांचा.

विश्लेषणाला सुरुवात क्यूपाथपासून करावी. बेलफास्टच्या क्वीन्स विद्यापीठात तयार झालेले हे सॉफ्टवेअर मोफत आहे आणि त्यावरचा मूळ शोधनिबंध २०१७ मध्ये आला. चित्र उघडताच सर्वप्रथम पिक्सेलचा आकार मायक्रॉनमध्ये नोंदलेला आहे का ते पाहावे. फाइल वाटेत कुठेतरी साध्या जेपीईजीत बदलली गेली असेल तर हा आकडा हरवतो आणि पुढची सगळी क्षेत्रफळे पिक्सेलमध्ये येतात. यंत्राने नोंदवलेल्या आकड्याचीही एकदा परीक्षा घ्यावी : १ मिलिमीटरचे १०० भाग केलेली मोजपट्टीची काच स्कॅन करून पडद्यावर ते अंतर १००० मायक्रॉन भरते का ते पाहावे.

त्यानंतर रंगांची दिशा (कोणता रंग कसा दिसतो हे सॉफ्टवेअरला सांगणे) ठरवून घ्यावी, अस्तराखालचा पट्टा हाताने रेखावा आणि त्यात कोलॅजेनचा उंबरठा (किती गडद रंग म्हणजे कोलॅजेन ही मर्यादा) लावावा. उंबरठा चार-पाच काचांवर ठरवून तोच सगळ्यांना लावायचा असतो; काच पाहून तो थोडा थोडा हलवणे म्हणजे हवे ते उत्तर काढून घेणे. पेशी मोजताना लक्षात ठेवावे की सॉफ्टवेअर केंद्रक ओळखते आणि त्याभोवती मूळ मांडणीप्रमाणे ५ मायक्रॉनचे कडे काढते. ते कडे म्हणजे पेशीची खरी सीमा नव्हे. इम्युनोहिस्टोकेमिस्ट्रीतल्या डॅब या तपकिरी रंगाची गडदता प्रथिनाच्या प्रमाणात वाढत नाही, म्हणून 'दुप्पट गडद म्हणजे दुप्पट प्रथिन' असे लिहू नये. किती पेशींत डाग आहे हे सांगणे जास्त सुरक्षित.

संख्याशास्त्रज्ञाकडे जाताना एक चूक हमखास होते. १२ रुग्णांच्या काचांतून ३ लाख पेशी मोजल्या तरी नमुना १२ चाच राहतो. आधी प्रत्येक रुग्णाचा एक आकडा काढावा आणि मग गटांची तुलना करावी, नाहीतर प्रत्येक क्षुल्लक फरक ठळक दिसू लागतो. शिवाय दहातली एक काच दुसऱ्या व्यक्तीकडून, गट न सांगता, पुन्हा रेखून घ्यावी आणि दोघांचे आकडे किती जुळतात ते निबंधात लिहावे.

आता मूळ काचा. स्कॅन झाले म्हणून त्या परत करण्याची घाई करू नये. निबंध तपासायला गेला की परीक्षक हमखास दोन-चार जागा पुन्हा मोठ्या पटीवर मागतात. काचा उन्हापासून दूर, लाकडी पेटीत, संकेत-क्रमांकाच्या ओळीने ठेवाव्यात आणि पेटीच्या झाकणाच्या आत स्कॅनची तारीख, पिक्सेलचा आकार आणि हार्डडिस्कचा क्रमांक पेन्सिलीने लिहून ठेवावा. शाई झायलीनच्या वाफेने फिकी पडते.